चार भिंतींची कुस्ती

धुळ्याच्या देवपुरातले चुडामण वस्ताद कुणाला काही विचारायला जात नसत. लोकच त्यांच्याकडे येत. निखळलेला खांदा बसवायचा असो, नाहीतर पोराच्या अंगाला मांस लागत नाही म्हणून सल्ला घ्यायचा असो, पांझरेच्या काठावरची त्यांची तालीम गाठायची असा साऱ्या वस्तीचा रिवाज होता. वस्ताद ऐकून घेत, मिशीवरून एकदा हात फिरवत आणि उत्तर देत. उत्तर चुकलं तरी आवाज इतका भरदार असे की निम्मं दुखणं दारातच पळे. अशा या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर एका खेळाने पार चक्रावून सोडलं. तो खेळ त्यांना शेवटपर्यंत पुरता कळला नाही, आणि तरी त्यांनी तो दोन वर्षं शिकवला.

खेळाचं नाव स्क्वॉश. धुळ्यात हे नाव ऐकलेली माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजता आली असती. शहरात साहेबलोकांचा एक जुना क्लब होता आणि इंग्रजांच्या काळात कुणा कलेक्टराने तिथे चार उंच भिंतींची, लाकडी तळाची, बिनखिडक्यांची एक खोली बांधून घेतली होती. तेरसिंग तिथे मार्कर होता. मार्करने खोली झाडायची, चेंडू सांभाळायचे आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळून बेताने हरायचं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा वस्तीतून आलेला हा माणूस बेताने हरण्यात इतका तरबेज झाला होता की जिंकणाऱ्याला कधी संशय आला नाही. त्याच्या मुलीला, जमनाला, मात्र ही विद्या काही केल्या जमेना. बापाने रिकाम्या वेळी तिला खेळ शिकवला आणि सोळाव्या वर्षी ती क्लबातल्या झाडून साऱ्या साहेबांना हरवू लागली. मग काही साहेबांचे गुडघे अचानक दुखू लागले आणि त्यांनी पत्ते खेळायला सुरुवात केली.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर तेरसिंग मुलीला घेऊन तालमीच्या दाराशी आला. दाराशीच, कारण तालमीत बाईमाणसाने पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. आत मारुती होता, लाल माती होती, आणि हा नियम वस्तादांच्याही वस्तादांनी घातलेला होता. चुडामण वस्ताद बाहेर आले.

"वस्ताद, पोरना हात चांगला शे," तेरसिंग म्हणाला. "पण दम पुरत नही. सुरवातले वाघीण ऱ्हास, मांगून मेंढी व्हई जास. पुण्याले दोनदा तशीच हारनी."

"कुस्ती कोणासंगे ऱ्हास?"

"कुस्ती नही. भिंतवर चेंडू माराना खेळ शे."

"आन समोरना गडी?"

"तो समोर नही ऱ्हास. बाजूमा ऱ्हास. तो भी त्याच भिंतवर मारस."

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला, पण उत्तर सापडेना. दोघं एकाच खोलीत कोंडलेले, दोघांची तोंडं एकाच भिंतीकडे, आणि एकमेकांना हात लावायचा नाही; मग भांडण कशाचं? तरी तेरसिंगने पुढे जे सांगितलं ते त्यांना नीट कळलं. क्लबातल्या एका मोठ्या साहेबाने शब्द दिला होता की राज्याच्या संघात जमनाचं नाव लागलं, तर पोलिसात खेळाडूंच्या जागेवर तिची भरती होईल. वयाच्या अटीत तिच्या हाती दोनच वर्षं उरली होती. ती जागा मिळाली नाही, तर बापाच्या मागे क्लबाने राहायला दिलेली कोठडीही जाणार आणि पोर पुन्हा डोंगराच्या पायथ्याशी मजुरीला लागणार. जमना खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. वस्तादांनी तिच्या पोटऱ्यांकडे पाहिलं. डोंगरातली पोर, पोटऱ्या सुरेख होत्या.

"सकाळले ये," ते म्हणाले. "तालीममा नही. मांगे, वाडामा."

मागच्या वाड्यात वस्तादांची म्हैस बांधलेली असे आणि त्यांची बायको भिकुबाई तिथेच गोवऱ्या थापत असे. तालीम आणि वाडा यांच्यामध्ये छातीइतक्या उंचीची एक मातीची भिंत होती. त्या भिंतीच्या अलीकडे जमनाची तालीम सुरू झाली. वस्तादांना एकच रीत ठाऊक होती आणि तीच त्यांनी लावली. पहाटे पाचशे बैठका, मग जोर, मग पांझरेच्या कोरड्या वाळूतून गुडघाभर पाय रुतवत धावणं, आणि वरून तूप. तेरसिंगच्या घरी तूप कुठलं? ते भिकुबाईने आपल्या डेऱ्यातून दिलं, तेही कुरकुर न करता, ही नवलाची गोष्ट.

दोन महिन्यांत जमनाच्या मांड्या अशा भरल्या की वस्ताद खूश झाले. मग एके दिवशी तेरसिंग आला आणि चाचरत म्हणाला, की पोर आधी दमायची तरी चेंडूपर्यंत पोचायची. आता दमत नाही, पण पोचतही नाही. वस्तादांना हे कोडंच पडलं. जो दमत नाही तो हरतो कसा? त्यांच्या मातीत तर जो उभा राहिला तो जिंकला. भिकुबाईने गोवरी थापता थापता विचारलं, "तुम्हीन तो खेळ देखेल शे का?"

"नही."

"मंग शिकाडतस काय?"

"पाय. पायले काय माहीत ऱ्हास, खेळ कोणता शे."

असं म्हणाले खरे, पण दुसऱ्याच दिवशी धुतलेलं धोतर नेसून ते क्लबात गेले. तेरसिंगने त्यांना मागच्या जिन्याने माडीवर नेऊन बसवलं. तिथून खोली विहिरीत डोकावल्यासारखी दिसत होती. खाली बापलेक खेळू लागले आणि वस्तादांच्या डोक्यावरून सगळं पाणी वाहून गेलं. चेंडू समोरच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीवर, तिथून मागच्या भिंतीवर. कोण कुणावर चाल करतोय हेच कळेना. वर गुणांचा हिशेब आणखी अजब. जमनाने सुरेख फटका मारून बाजी जिंकली, तरी तेरसिंग म्हणे, गुण नाही, कारण चेंडू टाकायची पाळी तिची नव्हती. आता नुसती पाळी तिच्याकडे आली. वस्ताद म्हणाले, म्हणजे आधी जिंकण्याचा हक्क जिंकायचा आणि मग जिंकायचं? तेरसिंगने मान हलवली. नऊ गुण ज्याचे आधी होतील तो जिंकला, एवढी एकच गोष्ट वस्तादांच्या हाताला लागली आणि ती त्यांनी घट्ट धरून ठेवली. त्यापुढचं त्यांनी विचारलं नाही. तेरसिंगनेही सांगितलं नाही, कारण मासोळीने पाण्याबद्दल काय सांगायचं?

चेंडूमागे मान फिरवून वस्तादांना घेरी येऊ लागली. शेवटी त्यांनी टोपी काढली आणि डोळ्यांसमोर अशी तिरपी धरली की चेंडू दिसूच नये, फक्त पाय दिसावेत. मग त्यांचं मन जरा शांत झालं. पाय त्यांना वाचता येत होते. त्यांनी पाहिलं की पोर चारही कोपऱ्यांत धावते आणि दर वेळी मध्यावर परत येते. मध्यावरचं लाकूड तर झिजून पांढरं पडलं होतं. उजव्या कोपऱ्यांतून ती झटकन परतते, पण पुढच्या डाव्या कोपऱ्यातून परतताना तिला एक पाऊल जास्त पडतं. त्या एका पावलात बाप तिला मारत होता.

दुसऱ्या दिवसापासून तुपाचं प्रमाण निम्म्यावर आलं. वस्तादांनी वाड्याच्या चार कोपऱ्यांत चार विटा मांडल्या, मधोमध शेणाने एक वर्तुळ सारवलं आणि जमनाला सांगितलं: विटेला हात लाव आणि मध्यावर ये. खाली वाकायचं ते गुडघ्यातून, कमरेतून नाही. कुठल्या विटेला जायचं ते वस्ताद ऐन वेळी काठीने दाखवत. असं वीस वेळा, मग तीस श्वास थांबायचं, मग पुन्हा वीस. डाव्या पुढच्या विटेकडे काठी इतक्या वेळा वळे की भिकुबाई त्या विटेला सवत म्हणू लागली. म्हैस बिचारी पहिले काही दिवस बिथरली, नंतर रवंथ करत बघू लागली. उन्हाळ्यात ती पोर घामाने भिजून जायची, पण तोंडातून ब्र काढत नसे.

तिने काही मागितलंच नाही, हे खरं. पण ती पाहत होती. दर नागपंचमीला तालमीत कुस्त्या होत. जो पोरगा जिंकेल त्याला, अंगावरची माती पुसायच्या आत, वस्ताद स्वतःच्या हाताने बदाम घातलेल्या दुधाचा पितळी तांब्या देत. पोराने तो उभ्याने, एका दमात, तळ दिसेपर्यंत प्यायचा. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हणणारा त्या तालमीचा नव्हेच. त्या तांब्यातून जो प्याला तो वस्तादांचा पठ्ठा, बाकीचे नुसते येणारे-जाणारे. दोन्ही वर्षं नागपंचमीला जमना विटांची मेहनत थांबवून मातीच्या भिंतीवर हनुवटी टेकून उभी होती. पोरं त्यांना वस्ताद म्हणत. ती आबा म्हणे. वस्तादांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं, हे मागाहून कळलं.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात पुण्याहून पत्र आलं. राज्याच्या संघात चार मुली ठरल्या होत्या. पाचव्या जागेसाठी जमना आणि पुण्याचीच एक मुलगी यांच्यात एक सामना व्हायचा होता. जी जिंकेल तिचं नाव लागणार, आणि जमनासाठी ही शेवटची संधी होती. तेरसिंगला क्लबातून सुट्टी मिळेना, कारण वर्षअखेरीच्या जेवणावळी होत्या. पोर एकटी कशी जाईल म्हणून वस्ताद निघाले, आणि पोर परक्या गावात बाप्याबरोबर कशी राहील म्हणून भिकुबाई निघाली. पिशवीत तिने भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पाट्यावर वाटलेल्या बदामांची पुरचुंडी बांधून घेतली. तांब्या वस्तादांनी स्वतः चिंचेने घासला.

सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी डेअरीतून दूध आणून, जिथे उतरले होते त्या धर्मशाळेत तापवून घेतलं. क्लब भलामोठा होता. माडीवर खुर्च्या होत्या आणि त्यांवर छान छान स्वेटर घातलेली माणसं बसलेली होती. वस्ताद आणि भिकुबाई कडेच्या दोन खुर्च्यांवर बसले, तांब्या दोघांच्या मध्ये. वस्तादांनी टोपी काढून डोळ्यांपुढे धरली. शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण ते सभ्य होते, काही बोलले नाहीत.

मग वस्तादांनी जे पाय पाहिले, ते पाहून त्यांचे डोळे भरून आले, हे सरळच सांगायला हवं. डाव्या पुढच्या कोपऱ्यातून पोर अशी परतत होती की जणू तिथे कोपराच नव्हता. पुण्याची मुलगी उंच होती, हात लांब होते, पण ती मध्यावर यायची तेव्हा तिथे जमना आधीच उभी असायची. बारा मिनिटांत नऊ-तीन झाले. खाली कुणीतरी आकडा पुकारला, टाळ्या पडल्या, आणि दोघी मागचं छोटं दार उघडून बाहेर पडल्या.

"सरनं का?" भिकुबाईने विचारलं.

"सरनं," वस्ताद म्हणाले. "नऊ व्हयनात. जिकनी."

कुस्तीत पाठ एकदा मातीला लागली की संपलं. पुन्हा उठून लढतो असं कुणी म्हणत नाही, आणि म्हटलं तर लोक हसतील. वस्तादांनी तांब्या उचलला आणि साठीचा माणूस पोरासारखा जिना उतरला. खाली जमना भिंतीला टेकून रुमालाने तोंड पुसत होती. घाम पुसायच्या आत द्यायचं असतं म्हणून त्यांनी घाईने तांब्या पुढे केला. जमनाने तांब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती, असं त्यांना वाटलं. पण ती ताठ उभी राहिली, दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि एका दमात, तळ दिसेपर्यंत, सारं दूध प्याली. मग तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि त्या छोट्या दारातून पुन्हा आत गेली.

वस्तादांना वाटलं, आत काही मानाची सलामी असेल. ते वर येऊन बसले, तर खाली पुन्हा चेंडू सुरू झालेला. त्यांनी शेजारच्या स्वेटरवाल्यांना विचारलं, "साहेब, हे काय चाललंय?"

"दुसरा गेम," ते म्हणाले. "पाचांतले तीन जिंकावे लागतात ना."

वस्तादांनी टोपी डोक्यावर घातली. आता ती समोर धरायची गरज नव्हती; जे दिसत होतं ते न पाहूनही कळत होतं. शेरभर घट्ट दूध पोटात घेऊन पोर धावत होती. डाव्या कोपऱ्यातून परतताना ते जुनं एक पाऊल पुन्हा जास्त पडू लागलं, आणि तिचा एक हात बरगडीखाली होता. दुसरा गेम गेला. मधल्या वेळेत ती बाहेर कुठेतरी ओकून आली. ओठ पांढरे पडले होते. तिसराही गेला. चौथ्यात कोण जाणे कुठून तिचे पाय परत आले. विटा, वर्तुळ, वीस आणि तीस श्वास, सगळं परत आलं आणि तो गेम तिने जिंकला. वस्ताद उठून उभे राहिले होते आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. पाचवा तिने सात-नऊने घालवला.

हरल्यावर तिने त्या मुलीशी हात मिळवला. पुण्याच्या मुलीचा शिक्षक वर येऊन वस्तादांना म्हणाला, की असे पाय आपण मुलींत पाहिले नाहीत, काय करून घेता तुम्ही? भिकुबाईनेच उत्तर दिलं, "विटा मांडतस."

परतीच्या एसटीने मनमाड मागे टाकलं. वस्तादांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. खेळ आपल्याला ठाऊक नव्हता, कबूल. पण तिला तर ठाऊक होता.

"तुले माहीत व्हतं ना, खेळ सरना नही ते?" त्यांनी अखेर विचारलं.

"व्हतं, वस्ताद," जमना म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्यांना वस्ताद म्हणाली होती.

"मंग पिधं कसाले? सांगाना व्हतं."

जमना खिडकीबाहेर पाहत होती. "दोन वरीस भिंतवरथीन देखं मी. पोरेसले देतस ते. आखरीले मी जिकनू तरी ते माले भेटी का नही, कोणले माहीत? तुम्ही दिधं. मी पिधं."

वस्तादांचा मिशीकडे हात गेला आणि अर्ध्यावरूनच खाली आला. भिकुबाईने पदर डोळ्यांना लावला आणि मालेगाव येईपर्यंत काढला नाही.

आता जमनाला देवपुरात यायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी चौथ्या दिवशी ती भिकुबाईची शाल परत करायला आली. शाल द्यायला वाड्याकडे वळली, तर तालमीच्या पुढच्या दारात वस्ताद उभे. "आथीन ये," ते म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले. आत पोरं जोर काढता काढता थांबली. जमना उंबऱ्याशी अडली. मग तिने चपला काढल्या, चिमूटभर लाल माती कपाळाला लावली आणि आत आली. त्या दिवशी पोरांमध्ये उभं राहून तिने शंभर बैठका मारल्या. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि वस्तादांनाही नाही.

गावात चर्चा व्हायची ती झाली. दोन जुनी घरं तालीम सोडून गेली. भिकुबाईने रात्री जेवताना विचारलं, "मारुतीले इचारं का?"

"इचारं," वस्ताद म्हणाले. "तो काही बोलना नही."

पोलिसातली जागा गेली ती गेलीच. जमना पुढे शिकली, खेळाच्या सवलतीवर नव्हे, साध्या गुणांवर शिकली, आणि साक्रीपलीकडच्या एका आश्रमशाळेत खेळाची बाई झाली. तिथे स्क्वॉशची खोली कुठली? पण पटांगणात चार कोपऱ्यांना चार विटा असत. दर नागपंचमीला ती देवपुरात येई आणि भिंतीच्या आतल्या बाजूला बसून कुस्त्या पाही. तिथेच तिच्याही हातात तांब्या येई. ती जिंकली का हरली, हे कुणी विचारत नसे.

वस्तादांना तो खेळ तरीही कळला नाही. पाळी आणि गुण यांतला फरक तेरसिंगने त्यांना चार वेळा समजावला आणि चारही वेळा ते "बरं बरं" म्हणाले. मात्र चौऱ्याण्णव साली, न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसलेल्या कुणीतरी सहज विचारलं, की ती तुमची चेंडूवाली पोर पुण्याला जिंकली होती का हरली होती? वस्तादांनी न्हाव्याचा वस्तरा हाताने थांबवला.

"पाच व्हत्यात," ते म्हणाले. "पहिली तिनी जिकी. चौथी तिनी जिकी. बाकीन्या तीन मी हारनू."